वरचे कोर्ट म्हणजे किती वर?



काही महिन्यांपूर्वी विदर्भातल्या एका न्यायालयाच्या आवारात, झाडाखालच्या ओट्यावर बसून एका बाईने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. हे संपादकीय म्हणजे तेच राहून गेलेले उत्तर आहे.

तिच्या वस्तीत तिला सगळे वहिनी म्हणतात. मीही इथे तिला वहिनीच म्हणते. नवरा रात्रपाळीला गेलेला असताना घरमालकाने तिच्या खोलीत शिरून तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद होती. खटला चार वर्षे चालला. त्या दिवशी निकाल लागला आणि संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात आले. वकीलसाहेब "वर जाता येईल" एवढे सांगून दुसऱ्या कामाला निघून गेले. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, हे वरचं कोर्ट वरचं म्हणजे किती वरचं? तिथं तरी माझं आयकतीन का?"

माझ्याजवळ एम.एस.डब्ल्यू.ची पदवी आहे. 'सामाजिक कायदे' या विषयाच्या पेपरात मी न्यायव्यवस्थेची उतरंड आकृती काढून लिहिली आहे. पण त्या ओट्यावर ती आकृती काही कामाची नव्हती. वहिनीला कलमे नको होती. आपण चार वर्षे जे सांगितले ते ऐकायला वर कुणी आहे का, एवढेच तिला हवे होते.

आधी तिच्या खटल्यात काय झाले ते सांगते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या कामात हे रोज घडते. पोलीस ठाण्यात जबाब देताना वहिनीने सांगितले होते की, मी ओरडले नाही, कारण पोरगी बाजूला झोपली होती, ती उठली असती तर तिने ते पाहिले असते. लिहिणाऱ्याने लिहिले, "मी आरडाओरडा केला नाही." पुढचे कारण कागदावर आलेच नाही. चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात तिने पोरीची गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा आरोपीच्या वकिलांनी तेच वाक्य समोर धरले. पोलिसांना तुम्ही हे सांगितले नव्हते, आता शिकवून आणल्यासारखे सांगता, असे म्हणाले. जबाबात नाही आणि साक्षीत आहे, अशा फरकाला कोर्टात मोठे वजन असते. तिच्या खटल्यात तो फरक सगळ्यात जड ठरला.

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वहिनी आमच्याकडे आली घटनेनंतर दोन महिन्यांनी. तिच्या जबाबाची प्रत मी तेव्हाच वाचली होती. त्यात पोरीचा उल्लेख नाही हे माझ्या लक्षात आले नाही. मी कलम बरोबर लावले आहे की नाही, तारीख बरोबर आहे की नाही, तेवढेच पाहिले. शिकलेली कार्यकर्ती कागद वाचते तेव्हा बाईचे बोलणे त्यात आहे का हे पाहायचे राहून जाते, हा धडा मला फार उशिरा मिळाला.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे वळू.

आपल्याकडची फौजदारी न्यायालये ही एकच शिडी आहे. खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, त्याच्या वर जिल्ह्याचे सत्र न्यायालय, त्याच्या वर उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. बलात्कारासारखा गंभीर खटला सत्र न्यायालयातच चालतो. विदर्भातल्या जिल्ह्यांचे अपील मुंबईला जात नाही, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येते. म्हणजे गडचिरोलीच्या बाईसाठी 'वरचे कोर्ट' म्हणजे आपल्या सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत.

या शिडीविषयी दोन गोष्टी बायकांना कुणी सांगत नाही. पहिली ही की, खटला बाईचा नसतो. तो सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, बाजू सरकारी वकील मांडतात आणि जिच्यावर अत्याचार झाला ती कागदोपत्री फक्त एक साक्षीदार असते. दुसरी गोष्ट अशी की, वरच्या कोर्टात सहसा नव्याने साक्ष होत नाही. तिथे खालून आलेले कागद वाचले जातात. वहिनी उभी राहून पुन्हा सांगू शकत नाही. तिच्या वतीने तो जबाब आणि ती उलटतपासणी बोलणार. म्हणून वरच्या कोर्टाचा पाया पोलीस ठाण्यातल्या टेबलावर घातला जातो, असे मी म्हणते.

हे सगळे ज्या एका खटल्यात लख्ख दिसते, तो आपल्याच मुलखातला आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. मी वर्गात तो शिकले तेव्हा नागपूरहून देसाईगंज किती जवळ आहे हेही मला ठाऊक नव्हते. नाव घेताना हात अडखळतो. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवणारे कलम १९८३ साली आले, ते तिच्याच खटल्यानंतर. तिच्या नावाला मात्र ते संरक्षण मिळाले नाही. म्हणून यापुढे मी तिला फक्त 'ती मुलगी' म्हणेन.

आईबाप नसलेली, भावासोबत मजुरी करून राहणारी ती एक आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, असा डॉक्टरांचा अंदाज. एका तरुणाशी लग्न करायचे तिच्या मनात होते. तिला पळवून नेले आहे अशी तक्रार भावाने केली, म्हणून २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना देसाईगंज पोलीस ठाण्यात बोलावले गेले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ साली झाला. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला थांबवून घेतले. ठाण्यातले दिवे गेले, दार बंद झाले, नातेवाईक बाहेर ताटकळत राहिले. आत एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यालेल्या हवालदाराने तिच्याशी लगट केली, अशी तिची तक्रार होती.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणून संबंध झाला असला तरी बलात्कार सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

अपील नागपूर खंडपीठापुढे आले. ऑक्टोबर १९७६ मध्ये खंडपीठाने निकाल फिरवला. शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला विनयभंगासाठी एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीने किंवा धाकाने आलेली असहाय शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असे खंडपीठाने सांगितले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन अनोळखी पोलिसांपुढे ही मुलगी आपणहून काही करील हे पटण्यासारखे नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्या न्यायमूर्तींनी वापरले. आपल्या नागपूरच्या कोर्टाने १९७६ साली हे लिहिले, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

आणि मग ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने हाक मारली नाही, तेव्हा प्रतिकाराची गोष्ट खोटी आणि जे झाले ते शांतपणे झाले, असा अर्थ लावला गेला. निकालाचे नाव आहे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. त्यात आरोपी आहे, सरकार आहे. ती मुलगी नावात कुठेही नाही. निकाल देणाऱ्या पीठात स्त्री नव्हती, असायची शक्यताही नव्हती. सर्वोच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती, फातिमा बीवी, १९८९ साली आल्या.

इथे थांबून विचार करा. एकच मुलगी, एकच रात्र, तेच कागद. खालचे कोर्ट म्हणाले नाही, मधले म्हणाले होय, वरचे पुन्हा म्हणाले नाही. वरचे कोर्ट जास्त शहाणे असते म्हणून त्याचा शब्द शेवटचा असतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९५३ च्या एका निकालात आपल्याच कोर्टाबद्दल स्पष्ट लिहिले आहे की, आपण कधी चुकत नाही म्हणून आपला शब्द अखेरचा ठरतो असे नाही, तो अखेरचा असतो म्हणून आपण चुकत नाही असे मानले जाते. न्यायाधीशानेच हे लिहिले ते बरे झाले. आपण म्हटले असते तर कोर्टाचा अवमान झाला म्हणाले असते.

कधी याच्या उलटही घडते. जानेवारी २०२१ मध्ये याच नागपूर खंडपीठाने लहान मुलींच्या बाबतीत असा निकाल दिला की, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सो कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हायला हवा. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती स्त्री होत्या. देशभरातून आवाज उठला, महान्यायवादी स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला. महत्त्वाचा आहे तो हेतू, मधले कापड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे १९७८ साली नागपूर बरोबर होते आणि दिल्ली चुकली. २०२१ साली नागपूर चुकले आणि दिल्लीने दुरुस्त केले. पायरीच्या उंचीवरून न्याय मोजता येत नाही आणि न्यायाधीश बाई आहे की पुरुष यावरूनही नाही. तरी वर पायरी असणे फार मोलाचे आहे.

किती मोलाचे, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. तिथे दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एक संघराज्याच्या न्यायालयांची आणि दुसरी प्रत्येक राज्याची. बलात्काराचा खटला बहुधा राज्याच्या न्यायालयात चालतो. आरोपी दोषी की निर्दोष हे गावातून निवडलेले ज्यूरीचे लोक ठरवतात. कितीतरी राज्यांत न्यायाधीशसुद्धा मते मागून निवडून येतात. संघराज्याच्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मान्यता देते आणि मग ते तहहयात बसतात. आणि ज्यूरीने एकदा 'निर्दोष' म्हटले की सरकारला त्याविरुद्ध वर जाताच येत नाही. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा धोक्यात घालू नये, असे त्यांची राज्यघटना सांगते. सरकारच्या छळापासून सामान्य माणसाला वाचवणारा तो नियम आहे आणि त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण देसाईगंजच्या त्या मुलीचा खटला तिथे असता, तर तो १९७४ सालीच मिटला असता. आपल्याकडे सुटकेविरुद्ध अपील होते. म्हणूनच नागपूरचा तो निकाल लिहिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला तरी तो कागदावर राहिला आणि पुढे लढणाऱ्यांच्या हाती शस्त्र म्हणून आला.

ते शस्त्र कसे वापरले गेले हे आपल्या चळवळीचा इतिहास आहे. तरुण मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत फरक आहे. रात्री पोलीस ठाण्यात थांबवून घेतलेल्या मुलीकडून आरडाओरड्याची अपेक्षा कशी करता? स्त्रीला ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर तुम्हीच नंदिनी सत्पथी खटल्यात त्याच वर्षी टीका केली, मग इथे त्याबद्दल एक शब्दही का नाही? असे रोखठोक प्रश्न त्यांनी विचारले. ८ मार्च १९८० च्या महिला दिनाला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, त्यांत आपले नागपूरही होते. आपल्या सीमाताई साखरेंनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या माध्यमातून हा प्रश्न इथे लावून धरला.

निकाल बदलला नाही. पण न्यायालयाने लावलेला अर्थ चुकीचा वाटला तर कायदाच बदलण्याचा अधिकार संसदेला आहे आणि संसदेला हलवण्याचा अधिकार आपल्याला. १९८० साली विधी आयोगाने अहवाल दिला, १९८३ साली कायदा बदलला. पोलीस ठाण्यासारख्या ठिकाणी, ताब्यात असताना झालेल्या बलात्काराला वेगळी आणि कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे पुरावा कायद्यात लिहिले गेले. २००३ साली बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची मुभा देणारे कलम गेले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ साली, केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यातच स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे नवे कायदे लागू झाले, त्यांतही ही तत्त्वे कायम आहेत. १९७६ साली नागपूरच्या न्यायमूर्तींनी जे लिहिले, तेच देशाचा कायदा व्हायला सदतीस वर्षे लागली.

अमेरिकेतही असेच एकदा घडले. लिली लेडबेटर नावाची बाई अलाबामा राज्यात टायरच्या कारखान्यात पर्यवेक्षक होती. एकोणीस वर्षे काम केल्यावर एका निनावी चिठ्ठीतून तिला कळले की, तेच काम करणाऱ्या पुरुषांना तिच्यापेक्षा जास्त पगार आहे. ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. पगार ठरवल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, म्हणे. जे गुपित ठेवले होते त्याची तक्रार ती कशी करणार? त्या वेळी त्या न्यायालयातल्या एकमेव स्त्री न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले विरोधी मत भर न्यायालयात वाचून दाखवले आणि आता संसदेने ही चूक दुरुस्त करावी असे सुचवले. जानेवारी २००९ मध्ये लेडबेटरच्याच नावाचा कायदा झाला. तिला स्वतःला मात्र त्या खटल्यातून एक पैसाही मिळाला नाही.

देसाईगंजची मुलगी आणि अलाबामाची ती बाई, दोघी वरच्या कोर्टात हरल्या. त्यांच्या हरण्यातून जो कायदा झाला तो त्यांच्या उपयोगाला आला नाही, पुढच्या बाईच्या आला. हे आपण कार्यक्रमांत फार अभिमानाने सांगतो. मला अलीकडे ते सांगताना जड जाते. कारण समोर वहिनी बसलेली असते आणि तिला पुढच्या बाईची नाही, स्वतःची चिंता असते. तिला तो हक्क आहे. बाईला चळवळीचे उदाहरण करून टाकण्याआधी आपण तिची परवानगी घेतली पाहिजे.

आणि या शिडीवरचा विश्वास साफ उडाला तर काय होते, हेही आपल्या शहराने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायदालनातच, अक्कू यादवला जमावाने ठार केले. कस्तुरबानगरची वस्ती वर्षानुवर्षे त्याच्या दहशतीखाली होती. पोलिसांकडे जाऊन काही होत नाही, असा अनुभव बायका सांगत होत्या. पुढे ज्यांच्यावर खटला झाला ते २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. त्या दिवसाचे समर्थन मी करणार नाही. जमावाच्या न्यायात उद्या कुणाचा बळी जाईल हे सांगता येत नाही, आणि बायकांचा तर हमखास जातो. पण त्या बायकांना दोष देऊन मोकळे होणेही मला जमत नाही. ठाण्यातले टेबल वेळेवर ऐकते झाले असते, तर तो दिवस उगवला नसता.

म्हणून आपण त्या टेबलापासूनच सुरुवात करायची. यापुढे आपल्या प्रत्येक केंद्रात कार्यकर्तीने कोणत्या गोष्टी पाहायच्या ते लिहून ठेवते. पाठ करण्याची गरज नाही, पण अंक हाताशी ठेवा.

बलात्काराची खबर स्त्री पोलीस अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, असा कायदा आहे. लिहिलेले बाईला वाचून दाखवले पाहिजे आणि एफ.आय.आर.ची प्रत तिला विनामूल्य मिळाली पाहिजे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्याने खबर घ्यायलाच हवी. नोंदवून घेण्यास नकार देणे हा पोलिसाचा गुन्हा आहे. वाचून दाखवताना आपण शेजारी बसायचे आणि बाईला एकच विचारायचे, "तुझं काही राहिलं का यात?" तिने 'का' ओरडले नाही, 'का' उशिरा आली, 'का' आधी कुणाला सांगितले नाही, ही कारणे तिच्याच शब्दांत कागदावर आली पाहिजेत. 'आरडाओरडा केला नाही' आणि 'पोरगी उठेल म्हणून ओरडले नाही' यांत चार वर्षांचा आणि एका निकालाचा फरक आहे.

स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने हा हक्क दिला आहे आणि जिल्हा न्यायालयातच त्याचे कार्यालय असते. सरकारी वकिलांना मदत करायला न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील देता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, २००९ पासून सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क खुद्द पीडितेला आहे. सरकार अपील करील म्हणून वाट पाहत बसायचे कारण नाही. देसाईगंजच्या मुलीला हा हक्क नव्हता. निकालाच्या दिवशीच निकालाच्या प्रतीसाठी अर्ज करा, मुदत निघून गेली असे नंतर कुणी म्हणू नये.

वहिनीचे काय झाले? त्या दिवशी मी तिला सगळे सांगितले. वरच्या कोर्टात तुला पुन्हा बोलता येणार नाही, कागद बोलतील आणि तुझ्या कागदात एक वाक्य कमी आहे, हेही सांगितले. ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटले, हे सांगायला मला फार जड गेले. तिने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "मंग ते वाक्य आता कोण सांगन तिथं?" मी म्हटले, वकील सांगतील. साक्षीत तू सांगितले आहेस, तो कागदही वर जातो.

आठ दिवसांनी ती आली आणि अपील करायचे म्हणाली. विधी सेवेतून वकील मिळाले, अपील दाखल झाले. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही, तारखा किती पडतील हेही नाही. जिंकेल असे आश्वासन मी तिला दिलेले नाही आणि कुणीही देऊ नये.

पण तिच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ आहे. वहिनी, वरचे कोर्ट फार वर नसते. तिथेही माणसेच बसतात, ती कधी बरोबर असतात, कधी चुकतात, आणि चुकली तर त्यांना खुले पत्र लिहिता येते. त्यांच्यापर्यंत पोचतो तो खालचा कागद, आणि तो कागद लिहिला जातो तेव्हा आपण तुझ्या शेजारी असायला हवे होते. यापुढे असू.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक केंद्राने आपल्याकडच्या एका एफ.आय.आर.ची प्रत घेऊन यावी, नावे झाकून. ज्या बाईची ती आहे तिला आधी विचारून. एकत्र बसून वाचू आणि बाईचे कुठले वाक्य राहून गेले ते शोधू.